कर्जदाराचे सक्तीचे शिक्षण : एक टीकात्मक आकलन

कर्जबाजारीपणाचे मूळ अज्ञानात आहे, हे गृहीतक नादारीविषयक विचारात वारंवार डोकावते. अमेरिकेच्या २००५ च्या कायद्याने दिवाळखोरीच्या अर्जापूर्वीच्या १८० दिवसांत पतसमुपदेशन आणि कर्जमुक्तीपूर्वी अर्थशिक्षण व्यक्तीस सक्तीचे केले. आपल्याकडे १८७९ च्या दख्खन शेतकरी साह्य कायद्यातही अशी एक पायरी होती. जेथे तडजोडकार नेमलेला असे, तेथे त्याच्या दाखल्यावाचून सावकारास शेतकऱ्यावर दावा लावता येत नसे. (पुणे, सातारा, सोलापूर व नगर या मूळ चार जिल्ह्यांत खानदेश नव्हता.) मात्र ती पायरी प्रामुख्याने धनकोच्या वाटेवर होती, अमेरिकेत ती ऋणकोच्या वाटेवर आहे.

जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू कापूस उत्पादकास हे शिक्षण कशाचे द्यावयाचे? बियाणे, खत, मजुरी यांचा हिशेब त्यास तोंडपाठ असतो. ठाऊक नसतो तो पाऊस आणि वेचणीनंतरचा भाव. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०१२ च्या धोरणानुसार वित्तीय साक्षरता केंद्रे चालविण्याची जबाबदारी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे आली. म्हणजे सल्लागार अनेकदा धनकोच!

अमेरिकी ऋणकोस या शिक्षणाअंती सुटका तरी मिळू शकते. आपल्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत वार्षिक उत्पन्न ६०,००० व कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांसाठी ‘नवी सुरुवात’ योजिली आहे. परंतु व्यक्तींविषयीचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता. इतरांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच उरतो. त्यात ऋणकोने स्वतः अर्ज करण्यास किमान कर्ज सांगितले आहे ५०० रुपये.