अनुपस्थिताचे परतणे

आपत्तीनंतर परिचित शहरात परतणाऱ्या लेखकापुढे पहिला प्रश्न अधिकाराचा असतो. जो त्या वेळी तेथे नव्हता, त्याने काय बोलावे? १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात कोबे व परिसरातील ६,४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी अमेरिकेत होते. आईवडिलांचे घर राहण्याजोगे उरले नाही. १९९७ मध्ये ते बालपणीच्या निशिनोमियाहून कोबेतील सान्नोमियापर्यंत सुमारे १५ किलोमीटर एकटेच चालत गेले. या पायपिटीवरील लेखाचे मोल त्यातील संयमात आहे. साऱ्या हानीचे खापर ते भूकंपावर फोडत नाहीत. डोंगर कापून समुद्र बुजवणाऱ्यांनी बालपणीचा किनारा आधीच हिरावला होता, याचीही नोंद घेतात.

२००० साली आलेल्या, इंग्रजीत ‘आफ्टर द क्वेक’ म्हणून परिचित असलेल्या कथासंग्रहात हाच संयम रूपतत्त्व बनतो. सहाही कथा फेब्रुवारी १९९५ मधील आहेत. एकही कोबेत घडत नाही. एका कथेतील पत्नी टोकियोत पाच दिवस दूरचित्रवाणीवर उद्ध्वस्त शहर पाहत राहते आणि मग घर सोडते. दुसरीतला चित्रकार बायकोमुलांना कोबेत सोडून आलेला. तो दूरच्या किनाऱ्यावर शेकोट्या पेटवतो. या अंतराला पलायन म्हणता येईल, आणि ढिगाऱ्याखालून वाचलेल्यांची वेदना या कथांत अबोलच राहते, हेही खरे. तरीही दुसऱ्यांचे दुःख स्वतःच्या नावावर न करण्याची सचोटी येथे आहे. अनुपस्थिताला परतण्याची तेवढीच वाट मोकळी असते.