निकाल लागणारी पुस्तकं

पुस्तक मिटताना नाना दर वेळी एकच वाक्य बोलायचे. "लागला निकाल." मग चष्मा खिशात, पुस्तक पिशवीत, आणि पिशवी डब्याच्या खिडकीशी टांगलेली. गाडी पाचोरा-जामनेर नॅरोगेज. आम्ही तिला पीजे म्हणायचो. पीजे इतकी सावकाश चालायची की चढणाऱ्याला धावावं लागत नसे आणि वाचणाऱ्याला घाई नसे. आमचं शेत वरखेडीच्या पुढे होतं. जाता-येता मिळून एक पॉकेटबुक आरामात संपायचं.

ही पुस्तकं नाना विकत घेत नसत. स्टेशनच्या बाजूला एक जण जुनी पुस्तकं भाड्यानं द्यायचा. कोपरे गोल झालेले, कव्हरवर पिस्तूल, एक बाई आणि कोट घातलेला माणूस, आत मागच्या वाचकाने पेनाने दिलेला शेरा: 'बकवास' किंवा 'एक नंबर'. अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, आणि अधूनमधून हिंदीतला सुरेंद्र मोहन पाठक. मी नववीत असताना नानांच्या पिशवीतून पहिला दारा बुलंद चोरून काढला. बीजगणिताच्या पुस्तकात घालून वाचला. तेव्हापासून हा मजकूर माझ्या डोक्यात आहे, लिहायला इतकी वर्षं लागली.

कारण मधे एक चेक आडवा आला.

२००५ साली नानांनी घरचा कापूस एका व्यापाऱ्याला घातला. गावातच काटा लावून त्याने माल उचलला, पंधरा दिवसांनंतरची तारीख टाकून चेक दिला. चेक परत आला. वकील म्हणाले, कलम १३८, अगदी सरळ केस आहे. कायद्यातच लिहिलंय की अशी तक्रार सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. नानांनी तो सहाचा आकडा फार मनावर घेतला. मग समन्स बजावलं गेलं नाही, मग समोरचा वकील आजारी, मग साहेबांची बदली, मग परत पहिल्यापासून. दर तारखेला नाना सकाळच्या एसटीने जायचे, पिशवीत कागदांची फाईल आणि एक पॉकेटबुक. संध्याकाळी फाईल होती तशी परत यायची. पुस्तक मात्र संपलेलं असायचं.

मराठीत या पुस्तकांबद्दल जे थोडंफार लिहिलं गेलं, त्यात एक शब्द हमखास सापडतो: पलायनवाद. वाचक आयुष्यातून पळून तिकडे जातो म्हणे. मला हे कधीच पटलं नाही. एसटीत शेजारी बसलेल्या नानांना मी पाहिलंय. ते कुठेही पळत नव्हते, कोर्टातच चालले होते. ज्या गोष्टीची दिवसभर वाट पाहायची ती निदान एका ठिकाणी पूर्ण होताना त्यांना बघायची होती.

अर्नाळकरांपासून सुरू करू. बाबुराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). मुंबईत चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय सरळ डिटेक्टिव्ह आहे, छोटूला घेऊन पुरावे शोधणारा. पण लोकांच्या तोंडी राहिले ते झुंजार आणि काळापहाड. हे दोघे कायद्याच्या जरा पलीकडचे. पोलीस त्यांच्या मागे, आणि ते पोलिसांना न सापडणाऱ्या बदमाशांच्या मागे. ही जात मूळची विलायती. लेस्ली चार्टरिसचा 'सेंट' १९२८ पासून लंडनमध्ये हेच करत होता. पण चाळिशीतल्या मुंबईच्या वाचकाला तो परका वाटला नाही, कारण रेशनची रांग आणि काळाबाजार त्याच्या दारात होता. साठेबाज शेठ कोण हे गल्लीत सगळ्यांना माहीत असतं, फक्त सिद्ध होत नाही. माहीत असणं आणि सिद्ध होणं यांच्यात जी फट आहे, तिच्यातून काळापहाड आत शिरतो.

पुढे सत्तरच्या दशकात गुरुनाथ नाईक आले. त्यांच्या नावावर बाराशेच्या वर कादंबऱ्या आहेत. महिन्याला एवढी पुस्तकं लिहिताना हात कुठेकुठे घसरणारच, आणि तो घसरतो. एकच खलनायक तीन नावांनी भेटल्याचा भास मला अनेकदा झाला. तरी कॅप्टन दीपची सुरुवात बघा: पहिल्या पानावर कोणीतरी पळत असतं, आणि आपण त्याच्या मागे पळायला लागतो.

शिरवळकर (१९४८–२००३) या सगळ्यांत मला सर्वांत जवळचे. तुमच्यापैकी बहुतेकांना ते 'दुनियादारी'मुळे माहीत असतील, तेही २०१३च्या सिनेमामुळे. पण या माणसाने केलेली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. एकाच टेबलावर बसून त्याने बॅरिस्टर अमर विश्वास लिहिला आणि दारा बुलंदही. एक कोर्टात उभा राहून, साक्षीदाराला प्रश्न विचारत विचारत खरं बाहेर काढतो. दुसरा कोर्टाची पायरी न चढता हिशेब चुकता करतो. नाना दोघांचेही वाचक होते. तारखेला जाताना मात्र पिशवीत दाराच असायचा. मी एकदा विचारलं, अमर विश्वास का नाही नेत? ते म्हणाले, "तो वकील फी न सांगता बोलतो. खोटं वाटतं."

आता या पुस्तकांची आतली कळ कुठे आहे ते सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. रहस्यकथेत गुन्हा कोणी केला हे शेवटपर्यंत लपवतात. बंडखोर नायकाच्या कादंबरीत उलटं असतं. बहुतेकदा पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत होतो. म्हाताऱ्याला मारलं, पोरीला पळवलं, पैसा हडपला; कोणी, ते आपण पाहिलं. पुढे नायक त्या माणसाच्या कानाखाली जाळ काढतो तेव्हा आपल्याला शंका येत नाही, कारण साक्षीदार आपणच आहोत. लेखकाने आपल्याला घटनास्थळी उभं केलं होतं. खरी मजा या खात्रीची आहे, मारामारी तिच्यावरची फोडणी. नानांच्या केसमध्ये चेक होता, सही होती, बँकेचा मेमो होता, आणि तरी दर तारखेला त्यांना वाटायचं की खोटे आपणच ठरतोय. दाराच्या पुस्तकात तसं वाटत नाही.

अमेरिकेतही नेमकं हेच चाललं होतं. १९६९ मध्ये डॉन पेंडलटनने मॅक बोलन उभा केला, व्हिएतनामहून परतलेला सैनिक. त्याच्या माफियाविरुद्धच्या युद्धाची सुरुवात कशातून होते माहितीये? बापाने घेतलेल्या सावकारी कर्जातून. वसुलीच्या पायी घर उद्ध्वस्त होतं. शंभरावर पुस्तकं पुढे निघाली, पण मुळाशी खानदेशातल्या कुठल्याही गावात कळेल अशी गोष्ट आहे. पुढे १९७२ मध्ये ब्रायन गारफील्डने 'डेथ विश' लिहिली. तिच्यातला बदला घेणारा माणूस हळूहळू आजारी होत जातो, असं लेखकाला दाखवायचं होतं. १९७४च्या सिनेमाने त्याचा हिरो केला. गारफील्ड इतका वैतागला की उत्तरादाखल १९७५ मध्ये दुसरी कादंबरी लिहून बसला. ती कमी लोकांनी वाचली. सिनेमाला टाळ्या मिळाल्या.

गारफील्डला कशाची भीती होती, ते मला १ जुलै २०१८ला कळलं. धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूरकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. व्हिडिओ काढले. ते व्हिडिओ आमच्याकडेही आले.

त्या आठवड्यात मी एकही जुनं पुस्तक उघडू शकलो नाही. कारण मारणाऱ्यांनाही खात्री होती. त्यांचं तिसरं पान व्हॉट्सअॅपने लिहून दिलं होतं: गुन्हा 'दिसला' होता, गुन्हेगार समोर होता, पोलीस लांब होते. दाराच्या कादंबरीचा सगळा सांगाडा तिथे होता. एवढंच की तिसरं पान खोटं होतं. माणूस काल्पनिक असला की लेखक त्याचा गुन्हा आपल्याला दाखवू शकतो. खऱ्या माणसाचा गुन्हा असा दाखवणारा लेखक नसतो. तिथे साक्षीपुरावा, उलटतपासणी आणि ती कंटाळवाणी तारीख, एवढंच असतं.

म्हणजे या पुस्तकांनी राईनपाडा घडवलं का? नाही. तो दगड मी नानांच्या पिशवीवर टाकणार नाही. झुंजार काय, दारा काय, एकटे लढतात. मार खातात. पकडले गेले तर फासावर जातील हे त्यांना ठाऊक असतं. जमावाला यातलं काहीच नको असतं, त्याला फक्त शेवटचं प्रकरण हवं असतं. मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवरही आला होता. काकाने टाकला. नानांनी, ज्यांना धड टाइप करता येत नाही त्या नानांनी, खाली लिहिलं: "कोनी पाह्यलं भो?" कोणी उत्तर दिलं नाही.

पण एक दोष या पुस्तकांच्या पदरात घालावाच लागेल. त्यांच्यात संशयित कसा दिसतो? परका, फिरता, चट्ट्यापट्ट्याचा, भाषा वेगळी. नायक देखणा, शहरी, आडनावावरून काही न कळणारा. बायका वाचवायच्या नाहीतर भुलवायच्या. म्हणून मी या फळीवर मुद्दाम अण्णाभाऊ साठेंची 'फकिरा' (१९५९) ठेवतो. समीक्षक तिला वेगळ्या कपाटात ठेवतात. तीही कायद्याबाहेरच्या माणसाचीच गोष्ट आहे, पण झुंजार हौसेने बाहेर पडतो, आणि फकिराला कायद्यानेच जन्मापासून बाहेर उभं केलंय. इंग्रजांच्या दफ्तरात अख्खी जमात गुन्हेगार. तो धान्य लुटतो ते दुष्काळात माणसं मरताहेत म्हणून, आणि शेवटी स्वतः हजर होतो ते आपली माणसं सुटावीत म्हणून. ज्याच्याकडे बघून दुसऱ्या पुस्तकातला वाचक दचकला असता, तोच इथे नायक आहे.

आमच्याकडे तर असा खराखुरा माणूस होऊन गेला. तंट्या भिल्ल निमाडचा, पण सातपुड्याला सरहद्द कुठे? खानदेशातही त्याचा दरारा होता. सावकारांना लुटून गरिबांना देणारा म्हणून तो गाण्यांत गेला. १८८९ मध्ये जबलपूरला त्याला फाशी दिली. बाबा भांडांनी त्याच्यावर जाडजूड कादंबरी लिहिलीय. ती वाचताना मजा येत नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगतो. कारण तिथे निकाल दुसऱ्या बाजूने लागतो.

नानांची केस २०१४ मध्ये मिटली. लोकअदालतीत तडजोड झाली. नऊ वर्षांनी मुद्दल मिळालं, व्याज नाही. व्यापाऱ्याने बाहेर चहा पाजला आणि नानांनी तो घेतला. त्या रात्री त्यांनी मला माळ्यावरून एक पुस्तक काढायला लावलं. भाड्याचं दुकान बंद झालं तेव्हा परत करायचं राहून गेलेलं. कव्हर नाही, त्यामुळे नाव माहीत नाही. शेवटची आठ-दहा पानंही कोणीतरी फाडलेली. दारा एका जिन्याखाली उभा आहे, वर दिवा लागतो, आणि पान संपतं.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये पीजे थांबली ती थांबलीच. नाना आता मुलाच्या मोटारसायकलवर शेतात जातात, म्हणजे माझ्या. जळगावला गेलो की मी रद्दीच्या दुकानांत दाराची जुनी पुस्तकं चाळतो, तो जिना शोधत. अजून सापडला नाही. फोन करून सांगितलं की नाना विचारतात, "वर कोण होतं, ते तरी कळलं का?"