चन्नम्माची आई कोण?

‘अस्तु’ हा अल्झायमर्सवरचा सिनेमा, अशी त्याची ओळख करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा २०१३चा सिनेमा थिएटरात यायला २०१६ उजाडलं. पाहिला नसेल तर नक्की पाहा. मात्र पाहताना ‘या माणसाला काय आठवत नाही’ यापेक्षा ‘याच्यात काय उरलंय’ याकडे लक्ष ठेवा.

चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हे संस्कृतचे मोठे विद्वान. आता मुलगी इरा (इरावती हर्षे) हीसुद्धा त्यांना धड ओळखू येत नाही. एके दिवशी रस्त्यात हत्ती दिसतो, लेकीची नजर चुकते आणि शास्त्री त्या हत्तीच्या मागे चालू लागतात. माहुताच्या बिऱ्हाडात त्यांना चन्नम्मा भेटते. कन्नड बोलणारी, हातावर पोट असलेली तरुण बाई. वयानं त्यांच्या मुलीपेक्षाही लहान. आणि शास्त्रींना तिच्यात आपली आई दिसते.

हे फक्त आजारामुळे घडतं असं समजून आपण सुटू शकत नाही. नव्या माणसावर जुन्या नात्याची सावली पडते, हे फ्रॉईडनं शंभर वर्षांपूर्वी मांडलं होतं. त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात. पण ते डॉक्टर आणि पेशंटपुरतंच राहत नाही. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत सुझन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात यावर प्रयोग केले. आधी लोकांना आपल्या जवळच्या एका माणसाचं वर्णन करायला सांगितलं. काही दिवसांनी त्यांना एका अनोळखी व्यक्तीची माहिती दिली. त्यातले थोडे तपशील त्या जवळच्या माणसाशी जुळणारे ठेवले होते. नंतर विचारलं, तर न सांगितलेल्या गोष्टीही आपण वाचल्याचं लोकांना आठवू लागलं. शिवाय ते जवळचं माणूस आवडतं असेल, तर नवीन व्यक्तीही आवडू लागली. ऑनलाईन फॉर्ममध्ये नावाचं पहिलं अक्षर टाकलं की फोन उरलेला सगळा पत्ता आपणहून भरतो, तसंच हे. पत्ता जुना असला तरी भरतोच.

‘अस्तु’चं बळ यात आहे की तो हे तत्त्व कुणाच्या तोंडून वदवून घेत नाही. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, तरी ते आजाराची लक्षणं मोजून दाखवत नाहीत. ते नजरेतून मूल होतात. नावं, तारखा, ग्रंथ गेले, पण आईजवळ कसं बसायचं हे शरीराला ठाऊक आहे. दुसरीकडे इराची कोंडी बघा. खरं नातं तिचं, सगळं करतेय ती, आणि ओळख मिळते दुसऱ्याच बाईला. हे दुःख सिनेमा आवाज न चढवता दाखवतो.

आता माझी तक्रार. शास्त्रींचा भूतकाळ आपल्याला दिसतो. इराचाही दिसतो, बापाबद्दलची माया आणि राग कुठून आले ते कळतं. चन्नम्माचं काय? तिला आई होती का, सासरा होता का, आणखी कुठल्या म्हाताऱ्याचं तिनं केलं होतं का? एका परक्या माणसाला ती जेऊ घालते, सांभाळते, ते कोणत्या जुन्या नात्याच्या आठवणीनं? याचं उत्तर आपल्या हाती फारसं लागत नाही. शास्त्री तिला आई करून टाकतात आणि सिनेमाही तिला तिथंच ठेवतो.

मी चकलांब्याचा, म्हणजे गेवराई तालुक्यातला. आमच्या भागातली कितीतरी जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिथल्या हिशोबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. ज्या बाईला आधीच्या मुकादमानं उचलीच्या हिशोबात फसवलंय, ती नव्या मुकादमाकडं जुन्याच नजरेनं बघते. तेही ट्रान्सफरन्सच, पण तिच्यासाठी ती सावधगिरी आहे. उलट पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना आपण पहिल्याच दिवशी ‘मावशी’ म्हणतो. हाक प्रेमाचीच असते, पण मावशीचं आडनाव काय, गाव कुठलं, हे महिनोन्‌महिने कुणाला ठाऊक नसतं. नातं देणं सोपं जातं, कारण ते आपल्याकडं तयार असतं. माणूस कळायला मात्र विचारावं लागतं.

चन्नम्मालाही धोका होताच. हरवलेला शहरी म्हातारा पालावर सापडला, तर पोलीस आधी कुणाला दरडावतील हे सांगायला नको. तरीही ती त्याला हाकलत नाही. हा निर्णय एका विशिष्ट बाईचा आहे. ‘आईपण’ असा मोठा शब्द वापरला की त्या निर्णयातली तिची हिंमत पुसली जाते.

अमृता सुभाष मात्र तिला पुसू देत नाहीत. या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. त्यांची चन्नम्मा दमते आणि तरी पुढचं काम हातात घेते. पटकथेनं जे सांगितलं नाही, ते त्यांच्या वावरण्यात दिसतं: ही बाई कुणाची तरी लेक आहे. सिनेमा पुन्हा लावाल तेव्हा शास्त्रींवरची नजर थोडी काढून तिच्यावर ठेवा.