नावं काढली, पण लिंक राहिली

संमतीपत्रावर एक वाक्य ठरलेलं असतं: ‘तुमची माहिती गोपनीय ठेवली जाईल.’ मार्गदर्शक ते वाचतात, समितीही वाचते. आपली एक्सेल फाईल मात्र सहसा कुणी उघडून तपासत नाही. माझी तक्रार तीच आहे.

उदाहरण घ्या. समजा, तुम्ही मोहन्यातल्या एनआरसीच्या जुन्या कामगारांवर काम करताय. कंपनी २००९ मध्ये बंद पडली, देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला. तुमच्या मूळ फाईलमध्ये ओळीने क्रमांक, नाव, खातं, आजार, कर्ज आणि थकीत रक्कम आहे. मैत्रिणीला पाठवायला तुम्ही दुसरी फाईल केलीत: फक्त क्रमांक आणि व्हीलूकअपने आणलेली रक्कम. नावं दिसत नाहीत, म्हणजे झालं काम?

नाही झालं. सूत्र दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवत असेल, तर एक्सेल तिथली माहिती सहसा आपल्याजवळही साठवतं. सूत्रात क्रमांकापासून रकमेपर्यंतचा पट्टा दिला, की मधली नावं, आजार, कर्जंही सोबत येतात. खोटं वाटतंय? फाईलची एक प्रत काढा, एक्सटेन्शन बदलून ‘झिप’ करा आणि आतलं ‘एक्सटर्नललिंक्स’ फोल्डर बघा. पिव्होट टेबलचंही तसंच: वर बेरजा दिसतात, पोटात मूळ नोंदी असू शकतात.

गूगल शीट्समध्ये इम्पोर्टरेंजला एकदा परवानगी दिली, की नव्या शीटचा कुठलाही एडिटर मूळ शीटचा कुठलाही भाग ओढू शकतो. तुम्ही एकच रकाना आणला होता, याला काही अर्थ उरत नाही.

यावर नेहमीचा सल्ला मिळतो: ‘शीट लपव, पासवर्ड टाक.’ हा सल्लाच धोकादायक आहे. शीट प्रोटेक्शन चुकून होणारे बदल थांबवतं, ते माहितीचं कुलूप नव्हे. आणि लपवलेल्या शीटने काय होतं, ते उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी ऑगस्ट २०२३ मध्ये भोगलं. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देताना दिसणाऱ्या जादा शीट्स काढल्या, पण मूळ माहितीची लपलेली एक शीट राहून गेली. ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे, नेमणुका उघड झाल्या. पुढे साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. दोष एका कारकुनावर ढकलणं सोपं आहे. पण मूळ नोंदी असलेलीच फाईल कापून-छाटून बाहेर पाठवायची, ही पद्धतच चुकीची होती.

म्हणून उलटं करा. कोरी फाईल उघडा, लागतील तेवढेच रकाने ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने आणा. गूगलवरही वेगळी शीट करून नुसत्या किमती टाका. क्रमांक आणि नावांची यादी वेगळ्या, पासवर्डने एन्क्रिप्ट केलेल्या फाईलमध्ये ठेवा. पाठवण्याआधी डॉक्युमेंट इन्स्पेक्टर चालवा आणि ते झिप एकदा स्वतः उघडा.

आणि शेवटचं. मोहन्यासारख्या ठिकाणी खातं, वय आणि चाळ एवढं कळलं तरी माणूस ओळखू येतो. लिंक तोडूनही हे रकाने राहिले, तर कुणाचं कर्ज किती ते शेजाऱ्याला समजेल. वयाचे गट करा, चाळ काढून टाका. त्या माणसाने सही तुमच्या शब्दावर केली होती.