पुस्तक टपालाने आलं, पुढे काय झालं?

परवा जर्नल क्लबनंतर चहा पिताना एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, कंट्रोल ग्रुप नसलेला डेटा वाचायचा तरी कसा?" मी वनस्पतिशास्त्रवाली, माझी उदाहरणं सगळी कुंड्यांमधली. पण तेव्हा डोक्यात आलं ते भलतंच: पीजे लायब्ररी. यातला पीजे म्हणजे पायजमा, रात्री झोपताना घालतात तो.

हॅरॉल्ड ग्रिनस्पून यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ही योजना सुरू केली. कल्पना गायिका डॉली पार्टन यांच्या इमॅजिनेशन लायब्ररीवरून सुचलेली. ज्यू घरातल्या लहान मुलाच्या नावाने दर महिन्याला पुस्तक येतं, पूर्वी अधूनमधून गाण्यांची सीडीही यायची. पैसे नाहीत, पालकांनी फक्त नाव नोंदवायचं. झोपताना वाचन व्हावं आणि त्या वाटेने सण, शब्बाथ, जुन्या गोष्टी घरात याव्यात, हा हेतू. मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते ती पुस्तकाच्या आतल्या घडीवर पालकांसाठी छापलेला मजकूर. हा सण काय आहे, मुलाला काय विचारता येईल, वगैरे. ज्या आईबाबांना स्वतःलाच फारसं माहीत नाही, त्यांची त्यामुळे लाज राखली जाते.

आता परिणामाचा दावा बघू. योजनेकडून पालकांची सर्वेक्षणं होतात आणि पुष्कळ पालक म्हणतात की पुस्तकांमुळे घरात फरक पडला. खोटं बोलतात असं मी म्हणत नाहीये. पण नाव कोणी नोंदवलं? ज्यांना आधीच ओढ होती त्यांनी. फॉर्म कोणी भरला? त्यातल्याही उत्साही लोकांनी. आणि विचारतंय कोण? ज्याने फुकट पुस्तकं पाठवली तोच.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाहीये. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी खत द्यायला रोपवाटिकेतली छान तरारलेली रोपं उचलली आणि उरलेली कंट्रोल म्हणून ठेवली. आलेख काय सुंदर आला होता! सेमिनारमध्ये गाइडनी एवढंच विचारलं, "रोपं कुणी निवडली?" आठ महिने गेले पाण्यात.

उत्तर देणाऱ्याची भीड हा वेगळाच भाग. मी भाच्याला दर दोन महिन्यांनी पुस्तक पाठवते. फोनवर बहीण म्हणते, "वाचतो की गं रोज!" दिवाळीत गेले तर तीन पुस्तकं कपाटावर, प्लास्टिकसकट. माझं सर्वेक्षण मात्र शंभर टक्के यशस्वी.

शिवाय ज्यू घरांत पुस्तक, गाणं आणि मूल एकत्र येणं नवीन नाही. पेसाहच्या रात्री जेवणाच्या टेबलावर हग्गादा वाचतात. त्यात सगळ्यात धाकट्या मुलाने चार प्रश्न विचारायचे असतात आणि शेवटी सगळ्यांनी मिळून गाणी म्हणायची. आपल्याकडच्या बेने इस्राएलांसाठी हग्गादा मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. मग ज्या घरात हे आधीच चालतं, तिथे टपालाने आलेल्या पुस्तकाने नेमकी किती भर घातली? जिथे चालत नाही तिथे किती? दोन्ही घरांची एकच सरासरी काढली की हा प्रश्न गडप होतो, आणि मला तर तोच खरा प्रश्न वाटतो.

इस्रायलमधली बहीण-योजना, सिफ्रियात पायजमा, २००९ मध्ये सुरू झाली. तिची रचना वेगळी आहे. पुस्तक बालवाडीत येतं, बाई वर्गात वाचून दाखवतात, मग प्रत्येक मूल ते घरी नेतं. २०१४ पासून अरबी बालवाड्यांसाठी मक्तबत अल-फानूस याच धर्तीवर चालते. इथे आईबाबांनी नाव नोंदवण्याची चाळणी नाही, म्हणजे निदान माझ्या रोपांचा घोळ टळतो. तरी घरी गेल्यावर काय होतं, ते पालकच सांगणार.

मग काय, मोजताच येत नाही? येतं की. अमेरिकेत रीच आउट अँड रीड या उपक्रमात बालरोगतज्ज्ञ तपासणीच्या वेळी पुस्तक देतात, आणि त्याच्या यादृच्छिक चाचण्या झालेल्या आहेत. काही कुटुंबांना पुस्तकं आणि सल्ला आधी, काहींना नंतर. पीजेसारख्या योजनेत कधी निधी कमी पडून प्रतीक्षायादी झाली, तर यादीतला क्रम चिठ्ठ्या टाकून लावा. थांबलेली कुटुंबं हाच तुमचा कंट्रोल ग्रुप. ओढ दोन्हीकडे सारखी आणि कोणावर अन्यायही नाही, कारण पुस्तक सगळ्यांनाच मिळणार, फक्त मागेपुढे.

गाण्याचं मोजमाप मात्र मला अजून जमवता आलेलं नाही. सिम्स टाबॅक यांचं 'जोसेफ हॅड अ लिटल ओव्हरकोट' घ्या, २००० सालचं कॅल्डेकॉट पदक मिळालेलं. मूळ एक यिद्दिश लोकगीत. कोट फाटतो, त्याचं जाकीट होतं, मग आणखी लहान काहीतरी, शेवटी नुसतं बटण. आपल्या आजीच्या गोधडीसारखंच. पानांना भोकं पाडलेली आहेत, मूल त्यातून बोट घालतं आणि पुढे काय होणार ते ओळखतं. शेवटी गाण्याची सुरावट दिलेली. आता "आठवड्यात किती वेळा वाचलं?" या रकान्यात हे कुठे बसवायचं? पुस्तक दोनदाच उघडलं, पण आंघोळ घालताना आई ते गाणं महिनाभर गुणगुणत राहिली, तर फॉर्मवर दोनच लिहिलं जाणार. पुढच्या जर्नल क्लबला येताना यासाठी एक प्रश्न तयार करून आणा. अट एकच: आईने उत्तर देताना तिला तुम्हाला खूश करावंसं वाटता कामा नये.