स्वार, स्वारी आणि रणांगण

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या फ्रेंच स्वच्छंदतावादी चित्रकलेत घोडदळाच्या झुंजीस मानाचे स्थान मिळाले. या चित्रांतील आवेगाची चर्चा विपुल झाली आहे. त्यांत युद्ध कितपत उरले आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

जेरिकोने १८१२ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनात मांडलेल्या चित्रात हल्ल्यास निघालेला अधिकारी मागील पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यावरून मागे वळून पाहतो. घोड्याची धाव एका दिशेस, स्वाराची दृष्टी दुसऱ्या. या ताणातच चित्राचे सामर्थ्य आहे. शत्रू मात्र कोठेच दिसत नाही. दलाक्र्वाने बायरनच्या काव्यावरून १८२६ मध्ये रंगविलेल्या जाऊर व हसन यांच्या द्वंद्वात शत्रू समोर आहे. तथापि तेथेही दोघांच्या वैरापुढे सैन्य लोपते. रणांगण हे स्वाराच्या मनोवस्थेचे केवळ नेपथ्य होते.

हे एकट्या फ्रेंच चित्रकारांचे वैशिष्ट्य मानता येत नाही. फारसीतून मराठीत आलेल्या ‘स्वारी’ या शब्दाने घोड्यावर बसणे, मोहीम आणि खुद्द थोर पुरुष असे तिन्ही अर्थ कवेत घेतले. मोहीम म्हणताच आधी स्वार दिसावा, अशी सोय भाषेनेच करून ठेविली आहे. वसई प्रांताचा इतिहास या सोयीस जुमानत नाही. नंदाखालच्या परिसरातील अर्नाळ्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. त्या बेटावर जाण्यास घोडा नव्हे, होडी लागते. मे १७३९ मध्ये वसईचा कोट चिमाजीअप्पांच्या हाती आला, तो मोर्चे, सुरुंगांनी पाडलेली खिंडारे आणि त्यांवरील पायउतार चढाव यांच्या बळावर. या विजयाचे चित्र भरधाव घोड्यावर उभारणे म्हणजे सुरुंग खणणाऱ्यांना इतिहासातून वगळणे होय.

स्वतः जेरिकोनेच या दृष्टीस उत्तर दिले आहे. १८१४ च्या त्याच्या चित्रातील जखमी चिलखती स्वार घोड्यावरून उतरला आहे. लगाम हाती धरून, मागे पाहत, तो उतारावरून पाय सावरीत चालतो. शत्रू येथेही अदृश्य आहे, परंतु आता स्वारास जमिनीचा आधार शोधावा लागतो. म्हणून १८१२ चे चित्र १८१४ च्या चित्रावाचून वाचणे अपुरे ठरते. घोडेस्वाराच्या चित्राची परीक्षा घोड्याच्या वेगावरून नव्हे, तर त्याच्या टापांखाली कोणती भूमी आहे यावरून व्हावयास हवी.