आकाशातला पुरुष आणि मुलाचे पत्र

पराक्रमी पुरुषाची गोष्ट पहिल्यांदा सांगणे त्या मानाने सोपे. तो कोठून आला, त्याचे बळ किती, त्याला वैरी कोण भेटला, एवढे रंगवून सांगितले की ऐकणारा खूश होतो. पंचाईत होते ती 'मग पुढे काय झाले?' असे त्याने विचारल्यावर. ज्याला अशक्य असे काही नाहीच, त्याने आता आणखी काय करून दाखवावे? हॉलिवुडच्या निर्मात्यांनी यावर बहुधा एकच तोडगा काढलेला आहे : वैरी अधिक धिप्पाड करावा आणि इमारती अधिक पाडाव्यात. 1987 साली आलेल्या 'सुपरमॅन फोर : द क्वेस्ट फॉर पीस' या चित्रपटाला मात्र काही निराळे सुचले होते, आणि म्हणूनच तो फसला याची हळहळ वाटते. नुसत्या वाईट चित्रपटाबद्दल कोणी दिवाळीच्या दिवसांत दोन पाने खर्ची घालणार नाही.

जेरेमी नावाचा एक शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो. जगातली अण्वस्त्रे तुम्ही नाहीशी का करीत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. हे पोरकट म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. 1986 च्या सुमारास जगात अदमासे 70,000 अण्वस्त्रे होती. ज्याला ग्रहगोल हलवता येतात त्याने ती राहू का द्यावीत? हा प्रश्न खरे तर त्या पात्राच्या जन्मापासूनचा आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन 1938 साली छापून आला, आणि 1940 साली 'लुक' या अमेरिकन नियतकालिकासाठी त्यांनी दोन पानांची एक चित्रकथा केली. तीत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन यांना मानगुटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो आणि युद्ध संपते! पुढे प्रत्यक्ष युद्ध किती वर्षे चालले ते आपण जाणतोच. सामर्थ्यवानाने इतरांचे युद्ध थांबवावे की नाही, हा पेच आपल्याला परका नाही. कौरवसभेत शिष्टाई करून रिकाम्या हाताने परतणारा आणि मग शस्त्र न धरता रथाचे लगाम हाती घेणारा श्रीकृष्ण आपल्या महाभारतात आहे. आणि व्यासांनी त्या पेचातून कोणाचीही सहजासहजी सुटका केलेली नाही.

चित्रपटात आरंभी हा पेच जाणवतो. मानवाच्या इतिहासात ढवळाढवळ करू नये, असा सुपरमॅनच्या पूर्वजांचा दंडक आहे. तो त्यांना विचारतो, घुटमळतो, आणि अखेर मुलाच्या बाजूने कौल देतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात येऊन आपण सारी अण्वस्त्रे नष्ट करणार असे तो सांगतो तेव्हा ख्रिस्तोफर रीव्हच्या आवाजात एक सरळ, जवळजवळ संकोची सच्चेपणा आहे. या कथेच्या कल्पनेत रीव्हचा स्वतःचा वाटा होता, हे तेथे ऐकू येते.

आणि मग? मग सर्व राष्ट्रांचे प्रतिनिधी टाळ्या वाजवतात! कोणी सेनापती आडवा येत नाही, कोणता मंत्री कुरकुरत नाही. क्षेपणास्त्रे आकाशात सुटतात, सुपरमॅन ती कोळ्याने मासळी गोळा करावी तशी एका प्रचंड जाळ्यात भरतो आणि सूर्यावर भिरकावतो. जगातली सर्वांत अवघड गाठ चार मिनिटांत सुटते, आणि तीही चित्रपट अर्धाही व्हायच्या आत. उरलेल्या वेळाचे काय करायचे? लेक्स लूथर सुपरमॅनच्या एका केसापासून 'न्यूक्लिअर मॅन' नावाचा सोनेरी नखांचा दांडगा तयार करवतो, आणि दोघांची मारामारी जुंपते. जेरेमीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आपल्याला कुस्ती दाखवली जाते.

चित्रपटाच्या अपयशाचे खापर साधारणतः पैशांवर फोडतात. ते अगदीच खोटे नाही. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस यांच्या कॅनन कंपनीने सुमारे 3 कोटी 60 लाख डॉलरांचा बेत 1 कोटी 70 लाखांवर आणला. न्यूयॉर्कमधली संयुक्त राष्ट्रसंघाची इमारत म्हणून इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स गावचे रेल्वे स्टेशन उभे केले. सुपरमॅन समोरून उडत येतो ते एकच दृश्य, मागचा देखावा बदलून, इतक्या वेळा येते की पोरेसुद्धा ओळखतात. रिचर्ड डॉनर यांच्या 1978 च्या पहिल्या चित्रपटात याच उड्डाणासाठी केवढी मेहनत होती! तेथे कॅमेरा आणि मागचे चित्र टाकणारा प्रोजेक्टर या दोहोंची भिंगे एकमेकांच्या तालावर फिरवीत. पाठीमागचा देखावा होता तेवढाच राही आणि जागच्या जागी टांगलेला नट मात्र आपल्या अंगावर झेपावल्यासारखा दिसे. त्या ट्रिकसीनांना ऑस्कर मिळाले ते उगीच नव्हे. दुसरा भाग बरा होता. तिसऱ्याने विनोदाच्या नादात नायकालाच बाजूला सारले.

पण पैसा नव्हता म्हणून चिनी भिंत नुसत्या नजरेने दुरुस्त करावी लागते असे नाही. लेसी वॉरफिल्ड ही तरुणी हवेवाचून अंतराळात फिरून सुखरूप परत येते, यालाही खर्चाचे कारण देता यायचे नाही. अद्भुताला आमची ना नाही. हनुमंताने द्रोणागिरी उचलून आणला हे आपण आनंदाने मानतो, का? तर त्याला नेमकी वनस्पती ओळखता आली नाही म्हणून. त्या एका माणसासारख्या अडचणीने सारा पर्वत खरा होतो. येथे अडचण कोठेच नाही. चंद्र जागचा हलवून ग्रहण लावले जाते, आणि समुद्राला त्याचा पत्ताही नसतो.

नाही म्हणायला एक प्रसंग मनात राहतो. सुपरमॅन आणि क्लार्क केन्ट या दोघांना एकाच संध्याकाळी दोन बायकांनी बोलावले आहे, आणि रीव्ह एका दारातून जाऊन दुसऱ्या रूपाने परत येतो. खांदे पडले की वार्ताहर, ताठ झाले की देव. इतक्या थोड्या साधनांत एवढे करणारा नट हाताशी असताना त्याला चंद्राच्या मातीत खिळ्यासारखा ठोकून बसवावे, याला काय म्हणावे!

खरी चुकामूक याच ठिकाणी झाली आहे. या नायकाचे दुसरे आयुष्य वर्तमानपत्रातले आहे. मुलाचे पत्र त्याच वर्तमानपत्रापर्यंत पोहोचते. ते पत्र नुकतेच एका धनाढ्याने विकत घेतले असून, सुपरमॅनने पोराला झिडकारले असा भडक मथळा छापून तो खप वाढवू पाहतो. इतके सगळे सामान मांडून ठेवलेले आहे! शस्त्रे कोण बनवतो, कोणाला विकतो, लोकांना भीती कोण घालतो, हे शोधण्याचे काम उडणाऱ्या पुरुषाचे नव्हे. चश्मेवाल्या क्लार्कचे आहे. लूथरभोवती शस्त्रांचे व्यापारी घटकाभर दिसतात, पण क्लार्क त्यांच्याकडे वही घेऊन कधी जात नाही. शेवटी सुपरमॅन सांगतो की शांतता मी देऊ शकत नाही, लोकांनीच ती इतक्या तळमळीने मागितली पाहिजे की सरकारांचा इलाज चालू नये. बोल चांगले आहेत. पण ज्या लोकांचे नाव तो घेतो ते लोक आपण पडद्यावर पाहिलेलेच नसतात.

चित्रपट जुलैत लागला. त्याच वर्षी 8 डिसेंबरला रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी वॉशिंग्टनमध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला, आणि 1991 पर्यंत 2,692 क्षेपणास्त्रे मोडीत निघाली. ती सूर्यावर गेली नाहीत. ती जाळली, चिरडली, कापली. आणि रशियातल्या वोत्किन्स्क व अमेरिकेतल्या मॅग्ना येथील कारखान्यांच्या फाटकांवर एकमेकांचे तपासनीस पुढची तेरा वर्षे येणारीजाणारी वाहने पाहत, मापे घेत बसले. 2019 साली तो करारही संपुष्टात आला.

रीव्हचे म्हणाल तर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो चिलीच्या सांतियागो शहरी गेला. पिनोचेच्या राजवटीत 77 नाट्यकलावंतांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. लेखक आरिएल दोर्फमान यांच्या विनंतीवरून तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, अर्थात झगा न घालता.

सुटीत मुलांना सुपरमॅन दाखवायचा असेल तर पहिला दाखवावा, आणि सबंध दाखवावा. चौथा दाखवायचाच झाला तर सभागृहातल्या भाषणापर्यंत दाखवून थांबवावा, आणि पुढे काय झाले असेल ते मुलांनाच विचारावे. त्यांची गोष्ट बहुधा याहून बरी निघेल.